वाकळ, चित्र आणि खिसा

(वर्धा जिल्ह्यातल्या महिला गटांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आधुनिक चित्रकला आणि फॅशन’ असं छापलंय. ते वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं, हे आपल्या शिबिरात कुठून आलं? काल दिवसभर आपण वेचणीचे दर, रोजगार हमीची थकलेली मजुरी, सातबाऱ्यावरचं बाईचं नाव यावर बोललो. त्यात हे फॅशन कुठे बसतं? प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं असं की हा विषय त्याच यादीतला आहे. कपडा कसा असावा हे कोण ठरवतं, तो कोण शिवतं आणि त्यावर नाव कुणाचं लागतं, हे तिन्ही प्रश्न शेवटी मजुरीच्या वहीत येऊन पडतात. फक्त ते मांडायला मला जरा लांबून, पॅरिस आणि मॉस्कोवरून यावं लागणार आहे. कंटाळा आला तर हात वर करा.

मी शिवणकाम करणारी बाई. वर्धा तालुक्यातल्या एका गटाबरोबर बरीच वर्षं खादीचे कुडते, जाकिटं, झोळे शिवते. दोन वर्षांपूर्वी मोठ्या शहरातल्या एका कपड्याच्या कंपनीतून एक मुलगी आमच्याकडे आली. डिझायनर. मुलगी नम्र होती, आमच्याबरोबर जमिनीवर बसून भाकर खाल्ली तिने. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार व्यवहाराची आहे, ती पुढे येईल. तिने टेबलावर काही छापील चित्रं पसरली. गोल, अर्धगोल, चौकोन. लाल, नारिंगी, काळा, निळा रंग एकमेकांना भिडलेले. या चित्रांवरून जाकिटांची एक मालिका करायची आहे, खादी इथली, रंग झाडपाल्याचे, जोडकाम तुमच्या हातचं, असा तिचा बेत होता. ‘अवांगार्द’ चित्रकर्ती आहे ही, असं ती म्हणाली.

आमच्यातली एक वयस्क बाई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ताई, हे त वाकयच होय ना वो. माही माय अशीच शिवे.”

सगळ्या हसल्या. ती मुलगीही हसली. पण मला ते वाक्य सुटेना. मी त्या चित्रकर्तीची माहिती शोधायला लागले, पुस्तकं मागवली, जिथे इंग्रजी अडलं तिथे भाचीला बसवलं. आणि निघालं काय, तर ती म्हातारी शब्दशः खरं बोलली होती.

आधी तो शब्द. अवांगार्द हा फ्रेंच शब्द मूळचा लष्करातला. सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी. कलेत तो अशांना लावला गेला, जे रूढ चौकट मोडून पुढे गेले. गेल्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात अशी बरीच मंडळी होती. त्यांनी चित्रातून माणूस, झाड, देव काढून टाकले आणि नुसते रंग, नुसत्या आकृत्या ठेवल्या. इतिहासात त्यांची नावं वाचा, बहुतेक पुरुषांची. आमच्या टेबलावरची चित्रं होती सोनिया दलोने हिची. जन्म १८८५, आजच्या युक्रेनमधला. सेंट पीटर्सबर्गला मामाकडे वाढली, शिकायला पॅरिसला गेली, तिथे रोबेर दलोने या चित्रकाराशी लग्न केलं. १९११ साली तिला मुलगा झाला. त्या बाळासाठी तिने लहानपणी शेतकऱ्यांच्या घरी पाहिलेल्या पांघरुणांसारखी, कापडाचे तुकडे जोडून एक गोधडी शिवली. शिवून झाल्यावर तिच्या आणि तिच्या मित्रांच्या लक्षात आलं की नव्या चित्रकलेत आपण जे शोधतोय ते इथे आधीच आहे. ती गोधडी आज पॅरिसच्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या पुढच्या कामाची सुरुवात कलेचे इतिहासकार त्या गोधडीपासून धरतात.

म्हणजे बघा, खेड्यातल्या बायकांची गोधडी, तिच्यावरून चित्र, आणि शंभर वर्षांनी त्या चित्रावरून जाकीट शिवायला ते पुन्हा खेड्यातल्या बायकांकडे आलं. या सगळ्या फेऱ्यात पहिल्या आणि शेवटच्या टोकाच्या बायांचं नाव कुठेच नाही.

सोनियाचीही गोष्ट सोपी नाही. १९१३ साली तिने तसाच ठिगळांचा एक पोशाख शिवला आणि तो घालून ती नाचघरात जायची. तिने हौसेने सुरू केलेल्या या कामावर पुढे घर चाललं. १९१७च्या रशियन क्रांतीनंतर तिकडून येणारं भाड्याचं उत्पन्न बंद झालं, तेव्हा तिने माद्रिदमध्ये कपड्यांचं दुकान काढलं, पुढे पॅरिसमध्ये कापडाचे नमुने काढून विकले. १९२३ साली लिओंच्या एका कापड उत्पादकाने तिच्याकडून नमुने घेतले, १९२५च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात तिचं दुकान होतं. नवरा रंगांच्या सिद्धान्तावर लिहीत होता, चित्रं काढत होता, ही ऑर्डरी सांभाळत होती. आणि कलेच्या इतिहासात बरीच वर्षं काय लिहिलं गेलं? तो चित्रकार, आणि ती त्याची बायको, कापडाचं काम करणारी. हे वाक्य आपल्याला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं ना? तो शेतकरी, आणि ती त्याची बायको, निंदण-खुरपण करणारी. १९६४ साली लुव्र संग्रहालयात तिचं मोठं प्रदर्शन झालं, हयात स्त्री कलावंताचं तिथलं ते पहिलंच. तेव्हा तिने पंचाहत्तरी ओलांडली होती.

त्याच काळात जर्मनीत बाउहाउस नावाची फार नावाजलेली कलाशाळा होती, १९१९ साली निघालेली. स्त्री-पुरुष भेद मानणार नाही असं तिने जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात आलेल्या मुलींना बहुतेक करून विणकामाच्या विभागात पाठवत. आनी आल्बर्सला काचकाम शिकायचं होतं, ती मागावर जाऊन बसली. पुढे ती विसाव्या शतकातली नामांकित विणकर-कलावंत झाली हे तिचं कर्तृत्व. पण मागाकडे तिला तिच्या आवडीने कुणी नेलं नव्हतं.

आता आपल्याकडे या. तुम्ही म्हणाल, चित्रकार आणि कापड ही गाठ आपल्याकडे कुठे? आहे, आणि चांगली जुनी आहे. १९५०च्या दशकात सरकारच्या हातमाग मंडळाने पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रं काढली. पहिल्या काही केंद्रांत मुंबईचं होतं. नागपूरलाही केंद्र आहे. हातमागावर नवे नमुने यावेत म्हणून तिथे चित्रकारांना नोकरीवर घेतलं. के. जी. सुब्रमण्यन तिथे होते. आपल्या अकोल्याचे अंबादास तिथे होते, पुढे ते नॉर्वेला गेले. प्रभाकर बरवे १९६१ साली लागले, काही वर्षं वाराणसीच्या केंद्रात होते, मग मुंबईच्या. ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठीतलं चित्रकलेवरचं महत्त्वाचं पुस्तक लिहिणारे तेच बरवे. अर्पिता सिंगही विणकर सेवा केंद्रात काम करून आल्या, आणि त्यांच्या चित्रांतल्या बारीक रेघा-टिंबांत कापडाचे, कांथ्याचे टाके दिसतात असं समीक्षक सांगतात. देशातले सगळ्यात प्रयोगशील चित्रकार त्या काळात पोटासाठी मागाच्या शेजारी बसत होते, आणि त्यातून ते बरंच शिकले.

मला हा इतिहास आवडतो. चित्रकाराला दालनातून काढून मागाजवळ नेणं ही फार चांगली कल्पना होती. पण त्यात एक जागा रिकामी राहिली. बरव्यांच्या चित्रांची प्रदर्शनं झाली, पुस्तकं झाली, ते व्हायलाच हवं होतं. त्यांच्या नमुन्यावर ज्याने ताणा लावला त्या विणकराचं नाव शोधून पाहा. आणि विणकराचं एखादं सापडलंच, तर त्याच्या घरात कांड्या भरणारी, सूत उकलून खळ लावणारी बाई? तिला तर विणकरही म्हणत नाहीत. ती ‘मदत करते’. २०१९-२० सालच्या चौथ्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले, त्यात ७२ टक्के बायका निघाल्या. त्यातल्या पुष्कळ ईशान्येकडच्या राज्यांतल्या आहेत, तिथे माग घराघरात बाईच्याच हाती असतो, हे खरं. तरीही ७२ टक्के हा आकडा लक्षात ठेवा आणि ‘विणकर’ म्हटल्यावर डोळ्यासमोर कोण येतं ते आपलं आपल्याला विचारा.

कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण गटांना याची गरज पडते. आपल्या देशात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या चित्राचा कॉपीराइट राहतो. सोनिया दलोने १९७९ साली वारली. म्हणजे तिचं चित्र जसंच्या तसं कापडावर उचलायचं तर तिच्या वारसांची परवानगी हवी. नुसती कल्पना, नुसती प्रेरणा यांना कॉपीराइट नाही. त्यामुळे ‘अमक्याच्या कामावरून प्रेरित’ असं लिहून बरंच काही खपतं. १९६५ साली ईव्ह सां लोराँ या फ्रेंच फॅशनवाल्याने मोंद्रियान या चित्रकाराच्या काळ्या रेघा आणि लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांचे झगे काढले. ते जगभर गाजले आणि लगोलग त्यांच्या स्वस्त नकला दुकानादुकानांत लागल्या. मोंद्रियान १९४४ सालीच गेला होता. आता मला सांगा, चित्र काढणाऱ्याचा हक्क निदान कागदावर तरी आहे. आमच्या म्हातारीच्या आईची वाकळ कोणत्या कागदावर आहे? जुनं मऊ झालेलं लुगडं, धोतराचे तुकडे, कडेकडेनं आत येत जाणारा धावदोरा, कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग बसवायचा याचा तिने केलेला विचार. कुणी म्हणतं ते काही डिझाइन नाही, ती गरिबी आहे. गरिबी होतीच. पण डोळाही होता.

हे सगळं वाचताना मला ज्यांनी खरं बळ दिलं त्या दोघी मॉस्कोच्या. वार्वारा स्तेपानोव्हा आणि ल्युबोव पोपोव्हा. दोघीही चित्रकार, त्याच काळाच्या पुढे चालणाऱ्या तुकडीतल्या. क्रांतीनंतर त्यांच्या गटाने ठरवलं की भिंतीवर टांगायची चित्रं पुरे, आता कारखान्यात जायचं. बोलणारे पुष्कळ होते. खरोखर कारखान्यात गेल्या त्या या दोघी. १९२३च्या सुमाराला त्या मॉस्कोच्या पहिल्या सरकारी सुती छपाई कारखान्यात नमुने काढायला लागल्या. तोवर तिथल्या चिटावर फुलंच फुलं असत. यांनी कंपास आणि पट्टी घेऊन वर्तुळं, पट्टे, त्रिकोण काढले, दोन-तीन रंगांत, साध्या कामकरी बायकांच्या कपड्यासाठी. स्तेपानोव्हाने दीडशेच्या आसपास नमुने केले, त्यातले दोन डझन छापले गेले असं सांगतात. पोपोव्हाचं १९२४ साली लाल तापाने निधन झालं, वय ३५. पुस्तकांत येतं की आपलं कापड घेताना कुणी साधी बाई दिसली की तिला जो आनंद व्हायचा तो चित्राच्या कुठल्याही यशाने झाला नव्हता.

पण त्यांच्या त्रिकोणांपेक्षा मला त्यांचं एक मागणीपत्र मोलाचं वाटतं. त्यांनी कारखान्याच्या व्यवस्थापनाला लिहून दिलं होतं: नमुने कोणते घ्यायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत आम्हाला मतासह जागा हवी, रंगाच्या प्रयोगशाळेत जायला मिळालं पाहिजे, कारण रंग कसा बसतो हे कळल्याशिवाय नमुना काढणं आंधळं आहे, शिवणाऱ्या कार्यशाळांशी, दुकानांशी, मासिकांशी आमचा संबंध ठेवा, म्हणजे कापडाचं पुढे काय होतं ते आम्हाला कळेल. म्हणजे ‘कागदावर चित्र काढून द्या आणि घरी जा’ हे त्यांना मंजूर नव्हतं. नामवंत चित्रकार असूनही कारखान्यात त्यांना ते सगळं मिळालं नाही. फार दिवस त्या तिथे टिकल्या नाहीत.

मी हे आमच्या गटात वाचून दाखवलं तेव्हा कंपनीचा कागद आमच्याकडे येऊन पडला होता. दर नगावर होता. एका जाकिटाला कापणं, तुकडे जोडणं, अस्तर, धावदोरा, काजं-बटणं धरून दोन पूर्ण दिवस आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ लागत होती. आम्ही घड्याळ समोर ठेवून तीन जाकिटं शिवून पाहिली. दर तासावर आणला तर तो वेचणीच्या रोजापेक्षा कमी भरला. ज्या हातांच्या कसबाचे फोटो त्यांच्या पुस्तिकेत छापायचे होते त्या हातांना पऱ्हाटीतून कापूस काढण्याइतकेही पैसे नव्हते. त्यातही उसवून पुन्हा केलेल्या कामाचा वेळ आमच्याच माथी.

हा वाद इथे नवा नाही. १९३५ साली, गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते तेव्हा, चरखा संघात हाच प्रश्न उभा होता. कातणाऱ्या बहुतेक बायका. त्यांची मजुरी इतकी कमी की ती मजुरी म्हणायची लाज वाटावी. गांधीजींनी आग्रह धरला की कातणारीला आठ तासांच्या चोख कामावर मोजलेली, निदान अन्न आणि वर्षाला वीस वार कापड सुटेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी ओरड आतूनच झाली. तरी ठराव झाला. १९३८ साली इथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं, तिथले चरखे तुम्ही पाहिले असतील. मी कुणी गांधीवादी नाही, बाईच्या त्यागाचं त्यांनी जे कौतुक केलं ते मला पटत नाही. पण तासाचा हिशेब त्यांनी धरला तो बरोबर धरला.

तर आम्ही पोपोव्हा-स्तेपानोव्हाच्या धर्तीवर आमचं मागणीपत्र लिहिलं. मजुरी वेळेवर मोजा आणि उसवण्याचा वेळ धरा. नमुना पक्का करताना आमच्या दोघी बैठकीत असतील आणि त्यांचं येणं-जाणं, बुडालेला रोज तुम्ही द्याल. जाकिटाच्या चिठ्ठीवर चित्रकर्तीचं नाव आहे, डिझायनरचं आहे, तसं शिवणाऱ्या गटाचं असेल. आणि वाकळीचा उल्लेख असेल. चौथ्या मागणीवर आमच्यातच भांडण झालं. काहींना लाज वाटत होती. वाकळ म्हणजे ठिगळं, आपण ती पाहुण्यांपुढे काढत नाही, ती चिठ्ठीवर कशाला? त्यावर तीच म्हातारी म्हणाली, “थे तिकडची बाई लाजली नाही, मंग मी काहून लाजू?” मागणी राहिली.

कंपनीचं उत्तर महिन्याभराने आलं. चिठ्ठीवर ‘ग्रामीण भगिनींच्या कुशल हातांनी’ असं छापायला ते तयार होते. बाकी मागण्यांवर मौन. आमच्या बैठकीत पाच जणी म्हणत होत्या की काम घ्या, हातात काहीच नसण्यापेक्षा बरं. त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. त्यातल्या दोघी एकट्या घर चालवतात. शेवटी सगळ्यांनी मिळून नकार कळवला, आणि त्या दोघींना गटाच्या निधीतून दोन महिने उचल दिली. नकार द्यायला पैसे लागतात, हे शिबिरात कुणी सांगत नाही म्हणून सांगते. ज्या गटाकडे निधी नाही त्याने असा नकार द्यावा असं मी म्हणणार नाही. त्या मुलीचा मला नंतर फोन आला, तिला वाईट वाटलं होतं. तीही पगारीच.

आता खिशाची गोष्ट. स्तेपानोव्हाने १९२३ साली एक लेख लिहिला होता, कामाच्या कपड्यावर. तिचं म्हणणं असं की कपडा आरशासमोर सुचत नाही, तो कामातून सुचला पाहिजे. कोण कुठलं काम करतं, हात कुठवर जातो, हत्यार कुठे ठेवायचं, त्यावरून त्याचा आकार ठरेल. खिसा आणि शिवण हीच त्याची शोभा. शल्यवैद्य, वैमानिक, आग विझवणारे, प्रत्येकाचा कपडा वेगळा. कल्पना जबरदस्त. पण त्यातलं थोडं नाटकाच्या रंगमंचावर आलं, बाकी बरंचसं कागदावर राहिलं. कापड नव्हतं, कारखाने मोडकळीला आलेले.

हे वाचून माझ्या डोळ्यासमोर काय आलं असेल? दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यात कुठल्याही शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहा. समुद्रपूर घ्या, हिंगणघाट घ्या, देवळी घ्या. वेचणीला आलेल्या बायकांच्या अंगावर काय असतं? लुगड्यावर नाहीतर साडीवर नवऱ्याचा, भावाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. डोक्याला दुपट्टा घट्ट बांधलेला. पोटाशी कापसाची ओटी. हा पोशाख कुणी काढला? कुठल्या डिझायनरने? सुकलेल्या बोंडाची टोकं हाताला ओरबाडतात म्हणून बाही. ऊन लागतं म्हणून कॉलर वर. आणि खिसा आहे, त्यात मोबाइल राहतो, खर्रा राहतो, पैसे राहतात. आपल्या आज्या पैसे कनवटीला लावायच्या, आपण ब्लाउजमध्ये ठेवतो, कारण बायकांच्या कपड्याला खिसा द्यायचं कुणाला सुचलंच नाही. बाईने तो पुरुषाच्या शर्टातून घेतला. स्तेपानोव्हा जे कागदावर मांडत होती ते आपल्या बायांनी कुणाला न विचारता अंगावर घालून दाखवलंय. फक्त ते शर्ट त्यांच्या मापाचे नाहीत. खांदे उतरतात, बाही हातावर येते, मधली बटणं ओटीत अडकतात.

मग आम्ही ठरवलं की जाकीट शिवायचंच, पण याचं. गेल्या हंगामात आम्ही वेचणी करणाऱ्या बायांबरोबर चार नमुने केले. त्या घालून रानात गेल्या आणि संध्याकाळी येऊन शिव्या घातल्या. पहिल्या नमुन्याची खादी जाड होती, दुपारी जीव गुदमरला. दुसऱ्याची ओटी कपड्यालाच शिवली होती. दिसायला सुंदर, पण कापूस भरला की सगळा भार मानेवर. तो भार कमरेवर यायला हवा, म्हणून ओटी सुटी केली आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवली. तिसऱ्यात खिसा उजवीकडे होता, त्यात वेचणारा हात सारखा अडकायचा. तो डावीकडे, छातीवर, झाकणाचा केला. हे निर्णय बायांनी घेतले, मी फक्त कात्री चालवली. पाठीवर, खांद्यांच्या मध्ये, जिथे कापड दुहेरी लागतंच, तिथे वाकळीसारखं ठिगळकाम आहे, लाल, काळं, पिवळं. म्हणजे चित्र आहे, पण ते कामाच्या जागी आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. हे जाकीट फवारणीसाठी नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. सुती कापड औषध पितं आणि अंगाला लावून ठेवतं. फवारणीचं पाणी भरणाऱ्या, औषध कालवणाऱ्या बायांनी यावर विसंबू नये. त्यासाठी मालकाकडून हातमोजे, मुखपट्टी, न भिजणारा अंगरखा मागायचा, ती मागणी कालच्या ठरावात घालावी असं मी सुचवते.

नागपूरच्या एका प्रदर्शनात आम्ही ही जाकिटं ठेवली, तर शहरातल्या मुलींनी कॉलेजात घालायला घेतली. फॅशन झाली म्हणायची! मला त्यात आनंदच आहे. चिठ्ठीवर गटाचं नाव आहे, चार ओळीत वाकळीची आणि सोनियाची हकिकत आहे, आणि त्या विक्रीतून वेचणीवाल्या बायांना कमी किमतीत जाकीट देता येतं. हिशेब अजून काठावर आहे. पुढच्या हंगामाला कापड कुठून आणायचं हे ठरलेलं नाही.

एक अडचण उरली आहे, तिथे तुमची मदत हवी. उंच झाडाच्या शेंड्याकडे हात नेला की काखेत ओढतं. आम्ही चौकोनी कळी घालून पाहिली, तरी पुरत नाही. चौथा नमुना मागच्या टेबलावर ठेवलाय, कागदी कटही आहे. ज्यांना शिवण येतं त्यांनी जेवणानंतर थांबा. ज्यांना येत नाही त्यांनी तो घालून, हात वर करून बघा आणि नेमकं कुठे ओढतं तिथे खडूने खूण करा.